दारातले झाड कोणते असावे?

मृग नक्षत्राच्या सुमारास रोपवाटिकांच्या दाराशी जी गर्दी होते, तिच्याकडे जरा निरखून पाहावे. पिशवीतल्या हातभर रोपाला एखादे टपोरे फूल आलेले असते, विक्रेता त्याचे काहीतरी गोंडस नाव सांगतो आणि पडद्याचे कापड निवडावे त्या उत्साहाने ते रोप घरी येते. कापड विटले, नकोसे झाले, तर बदलता येते. झाड बदलता येत नाही. आज अंगठ्याएवढे असलेले ते खोड पंचवीस वर्षांनी दोन हातांच्या कवेत मावणार नाही, त्याची सावली आपल्या अंगणात पडणार की शेजाऱ्याच्या छपरावर, त्याचे फूल सकाळी फुलते की रात्री, हे प्रश्न त्या गर्दीत कोणी विचारताना मी ऐकलेले नाही. मीही ते विचारले नव्हते.

या विषयावर चार शब्द लिहिण्याचा माझा अधिकार वनस्पतिशास्त्राचा नाही. तो चुकांचा आहे. १९९८ साली आमच्या गृहनिर्माण संस्थेची इमारत उभी राहिली तेव्हा मी संस्थेचा चिटणीस होतो. आवाराच्या कडेने सप्तपर्णीची सहा रोपे आणि फाटकाशी एक गुलमोहर लावावा, असा ठराव मीच मांडला. का, असे कोणी विचारले असते तर रोपे फुकट मिळत होती, एवढेच प्रामाणिक उत्तर देता आले असते. कुंपणाच्या भिंतीपासून तीन फूट आणि इमारतीपासून आठ फूट अंतरावर आम्ही ती मोठ्या समारंभाने लावली. नारळ फोडला, पेढे वाटले.

पहिली दहा वर्षे माझी पाठ थोपटण्यात गेली. सप्तपर्णी झपाट्याने वाढते, बारा महिने हिरवी असते, गुरे तिला तोंड लावीत नाहीत. शिक्षकाला तर हे झाड विशेष जवळचे वाटावे असे आहे. त्याच्या लाकडाचे शाळेतले फळे आणि पाट्या करीत, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात ‘स्कॉलॅरिस’ हा शब्द आला. शांतिनिकेतनात विश्वभारतीच्या दीक्षान्त समारंभात स्नातकांना याच झाडाची पाने देण्याची प्रथा आहे. हे सर्व मी संस्थेच्या वार्षिक सभेत सांगितलेही होते. मग झाडे फुलू लागली. शरद ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री, हिरवट पांढऱ्या फुलांचे गेंद फांदीफांदीवर दाटतात आणि त्यांचा जड, उग्र दर्प हवेत साचून राहतो. एखादे झाड दूरवर असेल तर तो दर्प सुगंध म्हणून खपतो. एका ओळीत सहा झाडे, तीही शयनगृहाच्या खिडकीपासून आठ फुटांवर, ही निराळी गोष्ट आहे.

दुसऱ्या मजल्यावर माझे एक सहकारी राहतात. आम्ही एकाच शाळेत वीस वर्षे शिकवले. त्यांच्या पत्नीला दमा. दिवाळीच्या दिवसांत जेव्हा घरोघरी दारे-खिडक्या उघड्या असतात, तेव्हा त्यांच्या खिडक्या बंद असत. त्यांनी झाडे काढण्याची मागणी केली, मी ती वृक्षप्रेमाच्या नावाखाली धुडकावली, आणि पुढे दोन वर्षे आम्ही जिन्यात एकमेकांना पाहून खाली बघत असू. आता मागे वळून पाहता असे वाटते की, मी ज्याचा कैवार घेत होतो ते झाड नव्हते, माझा जुना ठराव होता.

अखेर संस्थेने महापालिकेकडे रीतसर अर्ज केला. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांचे जतन करण्याच्या कायद्यानुसार नागरी क्षेत्रातले झाड वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाही, मग ते आपल्या मालकीच्या जागेत का असेना. २०२१ मध्ये या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जाही मिळाला. हा कायदा असावा, किंबहुना तो अधिक कडकपणे पाळला जावा, याच मताचा मी आहे. तथापि त्यातून निघणारा एक अर्थ आपण ध्यानात घेत नाही. झाड लावण्यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. म्हणून सगळा विचार लावण्यापूर्वीच करावा लागतो. आम्हाला दोन झाडे काढण्याची आणि उरलेल्यांची छाटणी करण्याची मुभा मिळाली. ती दोन झाडे पडली तेव्हा त्यांची काहीही चूक नव्हती.

नावाची फसगत

निवडीतला पहिला अडथळा नावांचा आहे. ‘अशोक’ म्हणून आपण जो सरळसोट, मिटलेल्या छत्रीसारखा वृक्ष बंगल्यांच्या आणि शाळांच्या कुंपणाशी ओळीने लावतो, तो अशोक नव्हेच. तो आसुपालव, कोणी त्याला खोटा अशोक म्हणतात. त्याची फुले फिकट हिरवी, पानांत लपलेली. ती येतात आणि जातात तरी घरमालकाला पत्ता लागत नाही. खरा अशोक म्हणजे सीतेचा अशोक. वसंतात त्याच्या फांद्यांना, कित्येकदा जून लाकडालाही, केशरी फुलांचे झुबके लगडतात आणि ते हळूहळू लाल होत जातात. ‘मालविकाग्निमित्रा’त या झाडाला फुले यावीत म्हणून मालविकेकडून त्याला पदाघात करविला जातो. आपल्या शाळेच्या आवारातल्या अशोकाला विद्यार्थ्यांनी कितीही लाथा मारल्या, तरी तो तसा फुलायचा नाही, याचे कारण हे असे साधे आहे.

आसुपालवाची निंदा करण्याचा हेतू नाही. अरुंद पट्टीत, जेथे फांद्या पसरायला जागाच नाही, तेथे तो उपयोगी पडतो. पण ज्याला फुलणारा अशोक हवा आहे त्याने नाव सांगून थांबू नये, पान पाहावे. सीता-अशोकाचे कोवळे पान तांबूस, मऊ आणि लोंबते असते. शिवाय या झाडाला ओल आवडते, लहानपणी सावलीही लागते. पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या फरशीच्या कडेला त्याला लावणे म्हणजे त्याचा छळ करणे होय.

गुलमोहराविषयी बोलायचे म्हणजे अनेकांचे मन दुखवायचे. मे महिन्यात त्याच्यासारखे दुसरे काही दिसत नाही हे मान्यच आहे. सातारकर तर १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा करतात, आणि रुंद रस्त्यावर, मैदानाच्या कडेला त्या झाडाचा तो मान आहेच. पण मादागास्करहून आलेल्या या वृक्षाचा विस्तार त्याच्या उंचीहून अधिक होतो. तीस-चाळीस फुटांचे छत धरायला त्याला जागा हवी असते. मुळे उथळ, लाकूड ठिसूळ. अशा झाडाच्या बुंध्यापर्यंत आपण फरशी घालतो, एका बाजूची मुळे गटारासाठी तोडतो, आणि वळवाच्या पहिल्या वादळात ते कोसळले म्हणजे निसर्गाच्या कोपाविषयी बोलतो. आमच्या फाटकातला गुलमोहर २०२४ च्या मे महिन्यात असाच आडवा झाला. खाली तीन दुचाकी होत्या. अर्ध्या तासापूर्वी तेथे मुले क्रिकेट खेळत होती. यापलीकडे त्याविषयी लिहिवत नाही.

स्वदेशी की परदेशी?

अलीकडे झाडांच्या बाबतीत स्वदेशीचा आग्रह पुष्कळ ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण तो आग्रह सरसकट धरला तर आपल्या देवघरात पंचाईत होईल. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. तिन्हीसांजेला उमलणारी गुलबक्षी अमेरिका खंडातली. शेवंतीचे माहेर चीनकडे. देवळाच्या ओवरीशी वाकून उभा असलेला पांढरा चाफासुद्धा उष्ण अमेरिकेतून आला, आणि त्याच्या शास्त्रीय नावात प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचे स्मरण आहे. कुंडीतली सदाफुली मादागास्करची. तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरची औषधे मिळाली. या सर्वांना आता परके म्हणायचे कोणत्या तोंडाने?

उलट बाजूही आहे. घाणेरी आपल्याकडे बागेची शोभा म्हणूनच आणली गेली. आज डोंगरउतारावर आणि जंगलात तिने जो धुमाकूळ घातला आहे तो प्रत्येक गिरिभ्रमणप्रेमी पाहतो. जलपर्णीही तिच्या जांभळट फुलांच्या मोहाने आली आणि नद्या-तलावांच्या उरावर बसली. अगदी अलीकडचे उदाहरण कोनोकार्पसचे. लवकर वाढतो, सदा हिरवा राहतो, छाटून हवा तो आकार देता येतो, म्हणून तो कुंपणाकुंपणाला दिसू लागला होता; २०२३ मध्ये गुजरात सरकारने आरोग्य आणि पर्यावरण या दोन्ही कारणांसाठी त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आणि आमची सप्तपर्णी तर शंभर टक्के या मातीतली होती! तेव्हा झाडाचे जन्मगाव विचारावेच, पण त्याची वागणूकही विचारावी. ते आपोआप पसरते का? त्याच्यावर एखादे फुलपाखरू, एखादा पक्षी जगतो का? ते वाढल्यावर किती जागा मागते? आणि शेवटचा, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न : ते फुलते तेव्हा त्याच्याजवळ कोण झोपलेले असते?

फुलपाखरांचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो. बहावा लावावा असे मी अनेकांना सुचवतो. चैत्र-वैशाखात पानांचा भार उतरवून तो पिवळ्या झुंबरांनी असा काही पेटतो की, जाणारा-येणारा थबकतो. उंचीही शहरातल्या आवाराला झेपेल अशी मध्यम. पण पावसाळ्याच्या आरंभी त्याच्या कोवळ्या पानांवर हिरव्या अळ्या पडतात, झाड जवळजवळ ओरबाडल्यासारखे दिसते, आणि घरमालक फवारणीचा पंप घेऊन धावतो. त्या अळ्यांचीच पुढे फिकट पिवळसर फुलपाखरे होतात आणि झाडाला नवी पालवी येते. कढीलिंबाचेही तेच. ज्याला अळी नको, त्याने फुलपाखराची हौस सोडावी आणि प्लॅस्टिकची फुले आणावीत. ती बाजारात मुबलक मिळतात.

बहाव्याच्या जोडीला तामण. हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प, पण किती जणांनी ते ओळखून पाहिले असेल, याची मला शंका आहे. बहाव्याच्या मागोमाग उन्हाळ्यात त्याला जांभळ्या, चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्यांचे तुरे येतात. ओढ्याकाठचे झाड असल्याने त्याला पाणी भरपूर लागते. आवारात सांडपाण्याचा सोपा निचरा जेथे असेल तेथे ते सुखाने वाढते. कांचन त्याहून लहान, म्हणून कोपऱ्यातल्या जागेला बरा. पांगारा मात्र मनाला कितीही भुरळ घालो, तो घराजवळ लावू नये. पानगळीनंतर लाल फुलांनी तो नटला की साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांची तेथे जत्रा भरते. पण खोडाला काटे, लाकूड पोकळ, फांद्या कधी मोडतील याचा नेम नाही. त्याची जागा माळावर, बांधावर. ज्याला घाई नाही त्याच्यासाठी बकुळ आहे. ती संथ वाढते, सावली दाट धरते, फूल सुकले तरी वास सोडीत नाही. शाळेच्या वहीत ठेवलेली बकुळीची फुले अनेकांना आठवत असतील.

वेळेचा हिशेब

फुलांची निवड रंगावरून करण्याची आपल्याला सवय झाली आहे. छायाचित्रात रंगच तेवढा दिसतो. आपल्या आजीच्या पिढीने ती वासावरून आणि वेळेवरून केली. जो मनुष्य सकाळी आठला घर सोडतो आणि सायंकाळी सातला परततो, त्याने दुपारी उमलणारी फुले लावून कोणाला दाखवायची? त्याच्यासाठी जाई-जुई आहेत, मोगरा आहे, संध्याकाळी वास सोडणारा कवठी चाफा आहे, पावसाची सर येऊन गेली की एका रात्रीत पांढरी होणारी कुंती आहे. रातराणीला सापाच्या भीतीने लोक दूर ठेवतात. साप वासाला येत नाही, उंदीर-बेडकांमागे येतो. तेव्हा रातराणीपेक्षा तिच्या बुडाशी साठवलेली अडगळ काढावी. पण रातराणीचाही वास सप्तपर्णीप्रमाणे उशाशी नको, थोडा लांबच बरा. हे मी आता शपथेवर सांगू शकतो.

मोगरा फुलत नाही ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बहुतेक ठिकाणी कारण एकच : त्याच्यावर आपण माया फार करतो. डिसेंबर-जानेवारीत त्याचे पाणी तोडून, फांद्या छाटून, पाने उतरवून त्याला विश्रांती द्यावी लागते. मग खत-पाणी दिले की उन्हाळ्यात तो भरून फुलतो. बोगनवेलीचा स्वभावही असाच. तिला पाणी जास्त झाले तर ती पानांवर जाते. तिचे रंगीत असते ते फूल नसून फुलाभोवतीची पाने असतात. खरे फूल मध्यभागी, चिमुकले, पांढरट. भिंतीवर चढवायची असेल तर तिच्या काट्यांचा विचार करून चढवावी, विशेषतः भिंतीपलीकडून मुलांची वाट जात असेल तर.

सोनचाफ्याचे बियांचे झाड फुलायला कित्येक वर्षे लावते आणि उंचही फार जाते. कलम घेतले तर ते लवकर फुलते, छाटून आटोपशीर ठेवता येते, मोठ्या कुंडीतही राहते. भाड्याच्या घरात, गच्चीच्या कोपऱ्यात राहणाऱ्या कारकुनाला हा केवढा दिलासा आहे! जागा नाही म्हणून बाग नाही, हे रडगाणे मला फारसे पटत नाही. अबोली, कोरांटी, गोकर्ण, तगर यांना किती जागा लागते? तेरडा तर पहिल्या पावसात बी टाकले की भाद्रपदात गौरीपुढे हजर होतो. त्याचा रंग तीनच दिवसांचा म्हणून आपण त्याला नावे ठेवतो, पण त्याच्याइतके कमी मागणारे फूल क्वचितच सापडेल. झेंडूची रोपे जुलैच्या मध्यास लावली तर दसऱ्याचे तोरण घरच्या फुलांचे होते. हिरवळीविषयी मात्र मी काही लिहीत नाही. ज्या राज्यात एप्रिलपासून टँकर फिरतात, तेथे घरगुती हिरवळ कशासाठी, हे मला उमगलेले नाही.

ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. कण्हेर सुंदर आहे, काटक आहे. गुरे खात नाहीत म्हणून महामार्गाच्या दुभाजकावर तीच लावतात. पण गुरे खात नाहीत त्याचे कारण ती सर्वांगाने विषारी आहे. पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, तिच्या बिया मुले खेळायला घेतात. त्याही तितक्याच घातक. दिवाणखान्यात ठिपक्यांच्या रुंद पानांचा डायफेनबॅकिया ठेवण्याची पद्धत आहे. त्याचे पान चावले तर तोंडाची आग होऊन जीभ सुजते. रोपवाटिकेत ही माहिती कोणी आपण होऊन सांगत नाही. विचारावी लागते.

सत्यभामेने हट्टाने पारिजातक आपल्या अंगणात लावून घेतला आणि फुले पडली रुक्मिणीच्या अंगणात, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातला कृष्णाचा खट्याळपणा सोडला, तर ती मला वसाहतीत राहणाऱ्या प्रत्येकाची कथा वाटते. झाड एकाच्या मालकीचे असते आणि त्याचे सारे काही, फूल, पाचोळा, सावली, वास, मोडलेली फांदी, शेजाऱ्याकडे पडत असते. आणि पारिजातक स्वतः या कामी किती शहाणे झाड! उंची बेताची, फुले सायंकाळी उमलतात, पहाटे आपणहून गळतात, वेचायला काठी नको, शिडी नको. उन्हाळ्यात ते उघडेबोडके, रखरखीत दिसते, पान हाताला खरखरीत लागते, हे त्याचे उणे. श्रावणात ते कोणाला आठवत नाही.

आमच्या फाटकाशी गुलमोहराची जागा अजून मोकळी आहे. या वेळी चिटणीस मी नाही, पण मत विचारले गेले. मी तामण सुचवले. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या सहकाऱ्यांनी (आता आम्ही पुन्हा बोलतो) फीत आणून भिंतीपासूनचे अंतर मोजले, पाण्याची नळी कोठून जाते ते प्लंबरला बोलावून पाहिले आणि बकुळ म्हणाले. तळमजल्यावरच्या बाईंना पारिजातक हवा आहे. त्यांना पूजेला फुले विकत आणावी लागतात. सभा दोनदा झाली, निर्णय झाला नाही. तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्डा मात्र खणून, उन्हाने तापवून, शेणखत-मातीने अर्धा भरून ठेवला आहे. मृगाला अजून दोन आठवडे आहेत.